माल आणि मजुरी: बिलात जीएसटी कधी लावायचा, कधी नाही
बेंगळुरूतील गवंडी, सुतार, प्लंबर, वायरमन आणि रंगारी यांच्यासाठी माहिती

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने राज्यातील हजारो लहान व्यावसायिकांना नोटिसा पाठवल्या. त्यात बेंगळुरूतील चहाची दुकाने, बेकऱ्या आणि किराणा दुकाने मोठ्या संख्येने होती. खात्याने २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांत यूपीआयने कोणाच्या खात्यात किती रक्कम आली, याची माहिती मिळवली. वर्षाला ४० लाखांहून अधिक रक्कम आलेले माल विक्रेते आणि २० लाखांहून अधिक रक्कम आलेले सेवा देणारे त्यातून निवडले. कर्नाटकातीलच एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांतील १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर २९ लाखांची नोटीस आली. ताज्या भाजीवर मुळात जीएसटी नाही. तरीही नोटीस आली, कारण खात्यात आलेला आकडा एवढेच सांगतो की पैसे आले. ते कशाचे आले, हे तो सांगत नाही.

शहरातील अनेक दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद चिकटले. व्यापाऱ्यांनी २५ जुलैला बंदची हाक दिली. २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्यासोबत बैठक झाल्यावर ती मागे घेण्यात आली. करमुक्त माल विकणाऱ्यांना दिलासा देऊ आणि नोंदणी करून पुढे येणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल करणार नाही, असे आश्वासन सरकारने दिले.

ही बातमी दुकानदारांची म्हणून छापून आली. पण तुम्ही मालासहित काम घेत असाल, तर ती तुमच्या जास्त जवळची आहे. दुकानदाराला ४० लाखांची मर्यादा आहे, तुम्हाला २० लाखांची. शिवाय तुमच्या खात्यात येणाऱ्या पैशांतला मोठा भाग सिमेंट, पाइप, वायर आणि रंगाचा असतो. तो तुमच्या हातात दोन दिवसही राहत नाही, पण हिशेबात तुमचाच धरला जातो.

मर्यादा २० लाख की ४० लाख?

कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला आर्थिक वर्षात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. आर्थिक वर्ष म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च.

घराला वायरिंग करणे, नळजोडणी, फरशी बसवणे, रंगकाम, ग्रिल बसवणे, दुरुस्ती ही सगळी कामे जमिनीशी जोडलेल्या वास्तूवर होतात. अशा कामात माल आणि मजुरी दोन्ही तुम्हीच पुरवत असाल, तर कायदा त्याला ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतो आणि संपूर्ण कामाला एकच सेवा मानतो. म्हणून मालाची रक्कम कितीही मोठी असली तरी तुमची मर्यादा २० लाखांचीच राहते. छोटे हार्डवेअरचे दुकान चालवून सोबत फिटिंगचीही कामे घेणाऱ्यालाही २० लाखांचीच मर्यादा लागू होते, कारण तो ‘फक्त माल विकणारा’ राहत नाही.

उलाढाल पॅन क्रमांकावर मोजली जाते. बेंगळुरूत केलेले काम, गावाकडे बेळगाव किंवा कोल्हापूर भागात केलेले काम, रोख घेतलेले पैसे आणि यूपीआयने आलेले पैसे, सगळे एकत्र मोजायचे. रोख घेतल्याने मर्यादा वाढत नाही.

माल आणि मजुरी एकत्र का धरतात?

हा वाद जुना आहे. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गॅनन डंकर्ली खटल्यात ठरवले की इमारत बांधण्याच्या अखंड ठेक्यातील मालावर राज्याला विक्रीकर लावता येणार नाही, कारण घरमालक विटा विकत घेत नाही, तो घर बांधून घेतो. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने राज्यांना ठेक्यातून मालाचा भाग वेगळा काढून त्यावर कर लावण्याचा अधिकार मिळाला. पुढे पस्तीस वर्षे मालावर राज्याचा कर, काही काळाने मजुरीच्या भागावर केंद्राचा सेवाकर, आणि कोणता भाग किती यावरून तंटे चालू राहिले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि वास्तूवरील मालासहित कामाला सरळ सेवा ठरवण्यात आले. आता संपूर्ण रकमेवर एकच दर लागतो. बहुतेक कामांना तो १८ टक्के आहे, म्हणजे ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. रंग, फरशी, वायर, स्विच, पाइप आणि लोखंड आधीपासून १८ टक्क्यांत आहेत. त्यामुळे बिलात माल वेगळा आणि मजुरी वेगळी दाखवून दर कमी होईल, ही आशा आता बहुतेक कामांत फोल आहे. माल आणि मजुरी वेगळी ठेवण्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे: तुमची उलाढाल किती मोजली जाईल, यात.

एक हिशेब करून पाहू

समजा एका घराच्या कामाला १ लाखाचा माल लागतो. दुकानदार त्यावर १८ हजार जीएसटी लावून १,१८,००० घेतो. तुमची मजुरी ६०,००० आहे.

पहिली पद्धत: तुमची नोंदणी नाही आणि तुम्ही मालासहित उक्ते काम घेता. घरमालकाकडून तुम्ही १,७८,००० घेता. बिलात जीएसटीची ओळ लिहायची नाही. दुकानात भरलेला १८ हजारांचा कर तुमच्या खर्चाचा भाग आहे, तो किमतीत धरलेला आहे. पण तुमच्या उलाढालीत पूर्ण १,७८,००० जमा होतात. महिन्याला असे एक काम केले तर वर्षाला २१,३६,००० होतात. मर्यादा ओलांडली.

दुसरी पद्धत: घरमालक माल स्वतः घेतो, दुकानाचे बिल त्याच्या नावावर होते, आणि तुम्ही फक्त मजुरी घेता. तुमच्या उलाढालीत ६०,००० जमा होतात. तीच बारा कामे, वर्षाला ७,२०,००० होतात. काम तेवढेच, कमाई तेवढीच, पण तुम्ही मर्यादेच्या बरेच आत आहात.

घरमालकाला दुकानात जायला वेळ नसेल आणि माल तुम्हीच आणणार असाल, तरी दुसरी पद्धत शक्य आहे. त्यासाठी चार गोष्टी पाळा. एक, घरमालकाने ‘माझ्यासाठी माल आणा’ असे लिहून द्यावे. व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवला तरी तो पुरावा म्हणून दाखवता येतो. दोन, दुकानाचे पक्के बिल घरमालकाच्या नावावर करा. तीन, दुकानदाराला जेवढे दिले तेवढेच घरमालकाकडून घ्या, त्यात एक रुपयाही नफा नको. चार, तुमच्या बिलात मालाची रक्कम वेगळी लिहा. जीएसटी नियमांत याला ‘प्युअर एजंट’ म्हणतात. मालावर थोडे मार्जिन ठेवले, किंवा बिल तुमच्या नावावर केले, की ती रक्कम पुन्हा तुमच्या उलाढालीत धरली जाते. सगळ्यात सोपे म्हणजे घरमालकानेच दुकानदाराला थेट यूपीआय करावे. मग ते पैसे तुमच्या खात्यात येतच नाहीत.

तिसरी पद्धत: तुमची नोंदणी आहे. मग बिल असे होते: माल १,००,०००, मजुरी ६०,०००, एकूण १,६०,०००. त्यावर केंद्राचा कर १४,४०० आणि राज्याचा कर १४,४००. घरमालकाने द्यायचे १,८८,८००. दुकानात भरलेले १८,००० तुम्हाला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वजा मिळतात, म्हणून सरकारकडे भरायचे फक्त १०,८००. क्रेडिट मिळण्यासाठी दुकानाचे बिल तुमच्या जीएसटी क्रमांकावर असले पाहिजे. कच्च्या पावतीवर क्रेडिट मिळत नाही.

इथे एक चूक फार होते. दुकानाच्या १,१८,००० मध्ये मजुरी मिळवून १,७८,००० करतात आणि त्या सगळ्यावर पुन्हा १८ टक्के लावतात. बिल २,१०,०४० वर जाते. घरमालक २१,२४० रुपये जास्त देतो, कारण करावर कर लागला. क्रेडिट घेणार असाल तर मालाची करापूर्वीची किंमतच धरा.

नोंदणी नसताना जीएसटी घेणे

काही जण बिल मोठ्या कंपनीसारखे दिसावे म्हणून, किंवा दुकानात कर भरला आहे म्हणून, स्वतःच्या बिलात ‘जीएसटी १८ टक्के’ अशी ओळ लिहितात. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ग्राहकाकडून जीएसटी घेण्याची कायद्याने मनाई आहे. कर म्हणून घेतलेली प्रत्येक रक्कम सरकारजमा करावीच लागते. तीन महिन्यांत ती न भरल्यास दंड लागू शकतो. ग्राहकाने ‘जीएसटी बिल द्या’ असा आग्रह धरला, तर नोंदणी नाही असे स्पष्ट सांगा आणि साधे बिल द्या. साधे बिल बेकायदा नाही.

कंपोझिशन योजना कोणासाठी?

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर पण ५० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्यांना कंपोझिशन योजना घेता येते. तिच्यात एकूण उलाढालीवर ६ टक्के कर भरावा लागतो. दर तिमाहीला एक विवरण आणि वर्षाला एक रिटर्न, एवढेच कागद. पण हा कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही आणि मालावरचे क्रेडिटही मिळत नाही. वरच्या उदाहरणात १,७८,००० वर ६ टक्के म्हणजे १०,६८० रुपये तुमच्या ६०,००० मजुरीतून जातील. म्हणून योजना घेण्याआधी तुमचे दर त्यानुसार ठरवा. मजुरीचीच कामे जास्त असतील तर ही योजना परवडते. मालाचा भाग मोठा असेल तर नेहमीची नोंदणी बरी पडू शकते.

घरकुल योजनेच्या कामाला सूट

प्रधानमंत्री आवास योजनेत लाभार्थी स्वतःचे घर स्वतः बांधतो किंवा वाढवतो, अशा घटकातील घरांसाठी फक्त मजुरीचा ठेका जीएसटीमुक्त आहे. यात नवे बांधकामच नाही तर दुरुस्ती आणि नूतनीकरणाची मजुरीही येते.

योजनेबाहेरच्या घरांसाठी दुसरी सूट आहे. निवासी संकुलाचा भाग नसलेल्या एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाची फक्त मजुरी करमुक्त आहे. साइटवर कोणी स्वतःचे घर बांधत असेल आणि सगळा माल तोच देत असेल, तर गवंड्याच्या मजुरीवर जीएसटी नाही. पण त्याच घराच्या दुरुस्तीला ही दुसरी सूट लागू नाही. अपार्टमेंटमधील फ्लॅटच्या कामालाही नाही.

दोन्ही सुटींत ‘फक्त मजुरी’ याला महत्त्व आहे. हत्यारे तुमची असू शकतात, पण घरात राहणारा माल मालकाचाच हवा. सिमेंट मालकाचे आणि खिळे, बाइंडिंग वायर तुमची, असे केल्यास अधिकारी सूट नाकारू शकतात. त्या किरकोळ वस्तूही मालकाकडूनच मागवा.

आणखी एक अट लक्षात ठेवा. करमुक्त कामही उलाढालीत मोजले जाते. तुम्ही फक्त करमुक्त कामे करत असाल तर कितीही उलाढाल झाली तरी नोंदणी लागत नाही. पण १५ लाखांची घरकुलाची मजुरी आणि ६ लाखांची फ्लॅट दुरुस्तीची मजुरी असेल, तर एकूण २१ लाख होतात आणि नोंदणी लागते. कर मात्र करपात्र कामावरच लागतो. घरकुलाच्या कामाचे बिल करताना लाभार्थीच्या मंजुरीपत्राची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

घरातील योजनांवर काय परिणाम होतो?

कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख महिलेला महिन्याला २,००० रुपये मिळतात. ती किंवा तिचा पती आयकर भरणारा किंवा जीएसटी रिटर्न भरणारा असेल, तर ती पात्र ठरत नाही. वर्षाला २४,००० रुपयांचा हा प्रश्न आहे, आणि अनेक कारागिरांना तो नोंदणी झाल्यावरच कळतो.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. उलाढाल खरोखर २० लाखांच्या वर गेली असेल, तर नोंदणी टाळता येत नाही. टाळल्यास कर, वर्षाला १८ टक्के व्याज आणि किमान १०,००० रुपये किंवा देय कराएवढा दंड, यांपैकी जी दंडाची रक्कम जास्त ती, अशी रक्कम लागू शकते. गृहलक्ष्मीचे २४,००० वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नका.

पण उलाढाल मर्यादेच्या आत असताना मुख्य ठेकेदाराने ‘जीएसटी नंबर काढ, तरच काम’ म्हटले म्हणून घाईने नोंदणी करू नका. स्वेच्छेने नोंदणी केली तरी पहिल्या रुपयापासून कर लावावा लागतो, काम नसले तरी रिटर्न भरावे लागते आणि घरातील योजनेवर परिणाम होतो. अशी नोंदणी आता नको असेल तर जीएसटी पोर्टलवर ती रद्द करण्याचा अर्ज करता येतो. रद्द झाल्याचा आदेश छापून ठेवा, योजनेच्या कार्यालयात तो दाखवावा लागेल.

पत्नीच्या पॅनवर नोंदणी काढून द्या, असा सल्ला देणारेही भेटतील. तसे केल्यास तीच जीएसटी रिटर्न भरणारी ठरते. कोणी तुमचा किंवा घरच्यांचा पॅन वापरून परस्पर नोंदणी काढली आहे का, हे जीएसटी पोर्टलवर पॅन क्रमांकाने शोधून पाहता येते. गृहलक्ष्मीचा अर्ज ‘जीएसटी’ कारणाने नाकारला गेला असेल, तर आधी हे तपासा.

ॲपवरून काम मिळत असेल तर

घरपोच प्लंबिंग, सुतारकाम यांसारखी कामे ॲपवरून घेणारे बेंगळुरूत पुष्कळ आहेत. तुम्हाला स्वतःला नोंदणी लागू नसेल, तर अशा घरगुती सेवांवरचा जीएसटी ॲप चालवणारी कंपनी भरते. ग्राहकाकडून तुम्ही वेगळा कर मागायचा नाही. मात्र ॲपबाहेर घेतलेली कामे तुमच्या उलाढालीत वेगळी लिहून ठेवा.

यूपीआय बंद करावे का?

प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत गवंडी, सुतार, लोहार आणि कुलूप बनवणारे यांचा समावेश आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि नंतर २ लाखांचे कर्ज मिळते. महिन्याला १०० पर्यंतच्या डिजिटल व्यवहारांवर प्रत्येकी १ रुपया प्रोत्साहन म्हणूनही मिळतो. म्हणजे एक सरकारी योजना यूपीआय वापरा म्हणते आणि दुसऱ्या खात्याची नोटीस त्याच यूपीआयवरून येते. कारागिराला यात विसंगती दिसली तर नवल नाही. पण यूपीआय बंद केल्याने कराची जबाबदारी बदलत नाही, उलट कर्ज मागताना दाखवायला व्यवहारांची नोंद उरत नाही. उपाय म्हणजे हिशेब वेगळे ठेवणे.

कामासाठी एक बँक खाते ठेवा आणि घरच्या देण्याघेण्यासाठी दुसरे. भावाने पाठवलेले पैसे, भिशी, हातउसने, गावाकडच्या जमिनीचे पैसे कामाच्या खात्यात घेऊ नका. प्रत्येक कामाला वहीत एक पान द्या: घरमालकाचे नाव, मजुरी, माल कोणाच्या नावावर, आलेली रक्कम, तारीख. दर महिन्याच्या शेवटी बेरीज करा. १५ लाखांच्या पुढे गेलात की मालासहित कामे घेण्याआधी विचार करा. २० लाख ओलांडले की ३० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज करा. पोर्टलवर नोंदणीला सरकारी शुल्क नाही.

नोटीस आलीच तर

नोटीस म्हणजे अंतिम करमागणी नव्हे. जुलै २०२५ मध्येही खात्याने कागदपत्रे घेऊन उत्तर देण्यास सांगितले होते. मुदत चुकवू नका, कारण उत्तर नसेल तर खात्यात आलेली सगळी रक्कम उलाढाल धरली जाऊ शकते. बँक खात्याचा उतारा घेऊन प्रत्येक रकमेसमोर लिहा: मजुरी, घरमालकाच्या नावावरचा माल, करमुक्त घरकुलाचे काम, घरगुती पैसे. सोबत दुकानाची बिले आणि संदेश जोडा. कागदपत्रे नसलेल्या रकमेबद्दल खोटे लिहू नका. उत्तराची पोच घ्या. तुमच्या नावाने कोणी ‘सेटलमेंट’ करून देतो म्हणत रोख मागत असेल, तर देऊ नका. कर फक्त चलनाने भरला जातो.

पुढचे काम घेण्याआधी घरमालकाला एकच प्रश्न विचारा: ‘माल तुमच्या नावावर घ्यायचा की माझ्या?’ त्याच्या उत्तरावर तुमचे बिल, तुमची उलाढाल आणि कदाचित घरात येणारे महिन्याचे २,००० रुपये अवलंबून आहेत.